घेर ४६.६ सेंटीमीटर : डोक्याच्या मापावरून ठरवलेल्या बुद्धीचे एक प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, द्राक्षकाढणी ऐन भरात असताना, निफाड तालुक्यातील एक कुटुंब चार वर्षे आठ महिने वयाच्या मुलीला घेऊन नाशिकला गंगापूर रोडवरील माझ्या सल्ला केंद्रात आले. आई, वडील आणि आजी अशी तिघे सोबत होती आणि तिघांच्याही हातात एकेक फाइल होती. मुलगी आईचा पदर धरून उभी होती; खोलीत शिरल्यावर तिने पहिल्यांदा काय पाहिले असेल तर माझा चेहरा. ही नोंद मी त्या दिवशी कागदावर केली, पण तिचा अर्थ मला पुढे तीन आठवड्यांनी लागला. पालकांच्या संमतीने हे प्रकरण येथे लिहीत आहे आणि कुटुंब ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार एका वाक्याची होती. आजी म्हणाल्या, “सर, पोरीचं डोकं बारीक राहिलं, मेंदू वाढलाच नाही म्हणतात.” चार महिन्यांपूर्वी मुलीच्या बालवाडीत आरोग्य तपासणी झाली होती. तेथे डोक्याचा घेर ४५.५ सेंटीमीटर भरला, तपासणाऱ्यांनी कागदावर ‘मायक्रोसेफली’, म्हणजे लहान डोके, हा शब्द लिहिला आणि पुढे ‘बौद्धिक अक्षमतेची शक्यता’ असे जोडले. बालवाडीच्या बाईंचाही अनुभव त्याला दुजोरा देणारा होता, कारण मुलगी सांगितलेले एकदा ऐकून करत नसे, गोष्टीच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसे आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देई. पालकांना सांगण्यात आले की तिच्यासाठी विशेष शाळा पाहावी आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या तयारीला लागावे. दिवाळीनंतर मुलगी घरीच राहिली.

विशेष शाळेचा सल्ला हा अपमान नव्हे. ज्या मुलांना त्या शाळेची गरज आहे त्यांना ती वेळेवर मिळाली पाहिजे, आणि नाशिकमध्ये असे काम मनापासून करणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. येथे प्रश्न वेगळा होता. एका टेपवरील आकड्यावरून घरातल्या सगळ्यांनी या मुलीकडून अपेक्षा करणे थांबवले होते. आजी तिच्याकडून संध्याकाळी शुभंकरोती म्हणून घेत असत, ते बंद झाले. वडिलांनी मोठ्या शिशूची पुस्तके आणून ठेवली होती, ती चुलत भावाला देऊन टाकली. त्या भावाचे डोके मोठे, म्हणून तो हुशार, हे घरात गृहीतच होते. आईने मला नंतर एकटीने सांगितले की रात्री गोष्ट सांगायला बसले की मनात येई, हिला काय समजणार, आणि मग ती गोष्ट अर्ध्यावर सोडून दिवा मालवी. या चार महिन्यांत मुलीचे नुकसान कशाने झाले असेल, तर ते यानेच.

मी सर्वांत आधी माप पुन्हा घेतले. डोक्याचा घेर मोजणे सोपे वाटते, पण त्यात चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. टेप ताणली जाणारी नसावी. शिवणकामाची कापडी टेप वापरून वापरून सैल पडते आणि मग माप कमी दाखवते. टेप पुढे भुवयांच्या किंचित वर आणि मागे डोक्याच्या सर्वाधिक उंचवट्यावरून जायला हवी. ती मागच्या बाजूने वर सरकली तर घेर कमी भरतो आणि केसांच्या वेणीवरून गेली तर जास्त. तीन वेळा मोजून सर्वांत मोठे माप धरायचे असते. आम्ही वेण्या सोडून, केस विंचरून, तीनदा मोजले, तेव्हा ४६.६ भरले. म्हणजे चार महिन्यांची किरकोळ वाढ सोडली तरी शाळेतल्या मापात सुमारे एक सेंटीमीटरची चूक होती.

एवढ्या फरकाने काय बिघडते, असे वडिलांनी विचारले आणि त्याचे उत्तर देणे आवश्यक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेल्या वाढीच्या मानकांनुसार या वयाच्या मुलींचा मध्यवर्ती घेर सुमारे ४९.७ सेंटीमीटर आहे. त्यापासून दोन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे मुलामुलांच्या मापांतील नेहमीच्या फरकाचे एकक) अधिक खाली असलेल्या घेराला मायक्रोसेफली म्हणण्याची पद्धत आहे आणि तीनहून अधिक खाली असेल तर ती तीव्र मानतात; वाढीच्या आलेखावरील या मर्यादांना येथे दुसरी आणि तिसरी रेष म्हटले आहे. ४५.५ हा आकडा तिसऱ्या रेषेला जवळजवळ टेकतो, तर ४६.६ हा दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषेच्या मधे पडतो. लहानपणी घेर मोजून सातव्या वर्षी बुद्धिमापन केलेल्या एका मोठ्या पाहणीत तिसऱ्या रेषेखालील मुलांपैकी सुमारे निम्म्यांचा बुद्ध्यांक ७० किंवा त्याहून कमी आढळला होता; दोन रेषांच्या मधल्या मुलांत मात्र हे प्रमाण सुमारे दहा टक्केच होते. म्हणजे सैल टेपमुळे एक मूल दहातल्या एका शक्यतेतून उचलले जाऊन दोनांतल्या एका शक्यतेच्या काठावर ठेवले गेले. शिवाय दुसऱ्या रेषेची व्याख्या निव्वळ संख्याशास्त्रीय आहे. कोणत्याही निरोगी लोकसंख्येतील शंभरांपैकी दोन-सव्वादोन मुले त्या रेषेखाली असणारच, कारण रेष तशीच आखलेली आहे. त्यामुळे मायक्रोसेफली हे एका मापाचे नाव आहे. त्याला आजार म्हणायचे की नाही, हे पुढच्या तपासानंतर ठरते.

पुढचा तपास म्हणजे मुख्यतः दोन प्रश्न होते. पहिला, डोके वाढता वाढता थांबले आहे, की पहिल्यापासून लहान असून आपल्या रेषेने वाढत आहे? सुदैवाने आईने लसीकरणाची पुस्तिका जपून ठेवली होती आणि तिच्यात घेराच्या नोंदी होत्या. जन्मतः ३२, नवव्या महिन्यात ४१, अठराव्या महिन्यात ४३.३. हे आकडे आलेखावर मांडल्यावर दिसले की नवव्या महिन्यापासून मुलगी दुसऱ्या रेषेच्या जरा खालून, तिला जवळजवळ समांतर चालली आहे. आलेख घसरत गेला असता तर मी त्याच दिवशी त्यांना बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते, कारण चांगले वाढणारे डोके मधेच वाढायचे थांबणे ही गंभीर खूण असते.

दुसरा प्रश्न आईवडिलांच्या डोक्यांचा. हा प्रश्न आधी कोणीही विचारला नव्हता, याचे मला अजून वाईट वाटते, कारण त्याला दोन मिनिटे आणि तीच टेप एवढेच लागते. आईचा घेर ५१.२ भरला, जो प्रौढ स्त्रियांसाठी स्पष्टपणे कमी आहे, आणि वडिलांचा ५३.५. डोक्याचा आकार उंचीसारखाच मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक असतो. आईवडिलांच्या मापांच्या संदर्भात मुलाचे माप कसे वाचावे याची पद्धत वीव्हर आणि ख्रिश्चन यांनी १९८० मध्ये मांडली, आणि ती लावल्यावर मुलीचा घेर या दोघांच्या मुलीचा असावा तेवढाच निघाला. आई वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवीधर आहे आणि एका पतसंस्थेचे हिशेब सांभाळते. मी तिचे माप मोठ्याने वाचले तेव्हा आजींनी सुनेकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. आईवडील नात्यातले नाहीत. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे होते, म्हणून हे मुद्दाम विचारले, कारण ए-एस-पी-एम या जनुकातील दोषासारखी मायक्रोसेफलीची काही आनुवंशिक रूपे नात्यातील लग्नांच्या मुलांत जास्त दिसतात आणि तेथे बौद्धिक अक्षमता खरोखरच असते. गरोदरपणात ताप किंवा पुरळ नव्हते, बाळ पूर्ण दिवसांचे होते, जन्मताच रडले, झटके कधी आले नाहीत. तेराव्या महिन्यात चालली. बोलणे मात्र थोडे उशिरा आले आणि उच्चार अजून बोबडे आहेत, असे आई म्हणाली. चेहरेपट्टीत, हातापायांत, त्वचेवर काही वेगळे नव्हते. एम.आर.आय. करण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता, पण त्यासाठी या वयात मुलाला झोपेचे औषध द्यावे लागते. बालमेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून आम्ही तो पुढे ढकलला.

आजींच्या मनात एक वेगळी टोचणी होती. बाळाची टाळू रोज तेल घालून त्यांनीच भरली होती, आणि ती लवकर भरल्यामुळे कवटी बंद होऊन मेंदूला जागा उरली नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ही समजूत घरोघरी आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. तेलाने टाळू भरत नाही आणि तेल न लावल्याने ती उघडी राहत नाही. पुढची टाळू बहुतेक मुलांत नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरते आणि त्याच्या थोडे अलीकडे-पलीकडे होणे स्वाभाविक असते. सामान्यतः कवटी मेंदूला अडवत नाही. वाढणारा मेंदूच कवटीला बाहेर ढकलतो. कवटीच्या शिवणी खरोखरच अकाली जुळल्या तर डोक्याचा आकार लांबट, चपटा किंवा एका बाजूस कललेला होतो, आणि या मुलीचे डोके नीट अंडाकृती होते. हे ऐकून आजींनी पदराने डोळे पुसले. त्या चार महिन्यांत दोषी कोण हा प्रश्न घरात उघडपणे विचारला गेला नसला, तरी प्रत्येकाने आपापले उत्तर मनात तयार ठेवले होते.

आता मूळ मुद्दा : डोके लहान म्हणजे बुद्धी कमी, यात तथ्य किती? मी पालकांना जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने सांगतो, कारण या प्रश्नाला ‘काहीच संबंध नाही’ असे गोड उत्तर देणे खोटेपणाचे होईल. संबंध आहे. २०१५ मध्ये पीट्शनिग आणि सहकाऱ्यांनी ८,००० हून अधिक व्यक्तींवरील अभ्यास एकत्र करून मेंदूचे आकारमान आणि बुद्ध्यांक यांतील सहसंबंध ०.२४ (काहीच मेळ नसेल तर ०, पूर्ण मेळ असेल तर १) असल्याचे दाखवले. २०१९ मध्ये ब्रिटनमधील १३,००० हून अधिक लोकांच्या मेंदूच्या प्रतिमांवरून हाच आकडा ०.१९ आला. ०.२४ चा वर्ग केला तर साधारण ०.०६ येतो, म्हणजे माणसामाणसांतील बुद्ध्यांकाच्या तफावतीपैकी सुमारे सहा टक्के भागच आकारमानाशी जोडता येतो आणि चौऱ्याण्णव टक्के भागाचे धागे इतरत्र शोधावे लागतात. हजारो लोकांच्या सरासरीत हा संबंध दिसतो, पण समोर बसलेल्या एका मुलीविषयी तो जवळजवळ काहीच सांगू शकत नाही. पुरुषांचा मेंदू स्त्रियांपेक्षा सरासरीने सुमारे दहा टक्के मोठा असतो आणि तरीही सरासरी बुद्ध्यांकात तसा फरक आढळत नाही, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुष्कळ गैरसमज दूर होतील.

वडील शिकलेले शेतकरी आहेत. ते थोडा विचार करून म्हणाले, “मणी फुगावा म्हणून आम्ही घड जीएमध्ये बुडवतो, पण गोडी किती उतरली ते ब्रिक्स मोजल्यावरच कळतं. नुसता मणी बघून माल कोण सांगणार?” जीए म्हणजे मणी फुगवणारे संप्रेरक आणि ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप. द्राक्षाची उपमा मेंदूला पूर्ण लागू पडत नाही, पण फुगवण आणि गोडी यांची मापे वेगवेगळी असतात, हे त्यांनी बरोबर पकडले होते.

वजनांची उदाहरणे मी त्यांना दिली, पण जपून. तुर्गेनेव्ह या रशियन लेखकाचा मेंदू २,०१२ ग्रॅम भरला होता, तर १९२१ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या अनातोल फ्रान्स यांचा जेमतेम १,०१७ ग्रॅम. आइन्स्टाइन यांचा १९५५ मध्ये काढलेला मेंदू १,२३० ग्रॅमचा, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या सरासरीपेक्षा कमीच होता. मात्र ही वजने वृद्धापकाळातील आहेत आणि वयानुसार मेंदू आक्रसतो, त्यामुळे त्यांना पुराव्याचे स्थान देऊ नये. एकेका माणसावरून नियम बनवता येत नाही एवढेच त्यांतून दिसते. अधिक बोलकी तुलना पेशींची आहे. सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजल्याप्रमाणे माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतील सुमारे १६ अब्ज बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात असतात. आफ्रिकी हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट मोठा, चेतापेशीही तिप्पट, सुमारे २५७ अब्ज. पण त्यांपैकी जवळजवळ ९८ टक्के अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात) असून बाह्यकात केवळ साडेपाच अब्जांच्या आसपास आहेत. उलट कावळ्याच्या कुळातील पक्ष्यांचा मेंदू काही ग्रॅमांचा असूनही पेशी इतक्या दाट असतात की त्या कुळातील काही पक्षी स्वतःसाठी हत्यारे बनवतात. रामकुंडावर कावळ्यांच्या हालचाली रोज पाहणाऱ्याला याचे फारसे नवल वाटणार नाही. पेशी किती, कोठे आणि एकमेकींशी कशा जोडलेल्या, या गोष्टी बाहेरून टेप लावून मोजता येत नाहीत.

एक गोष्ट विषयाच्या कडेची आहे, पण मराठी वाचकांना ती माहीत असावी असे मला मनापासून वाटते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मॉर्टन यांनी कवट्यांत आधी मोहरीसारखे दाणे आणि मग शिशाचे छर्रे भरून वंशांची प्रतवारी लावली आणि पॅरिसमध्ये ब्रोका यांनी मेंदूच्या वजनांवरून स्त्रियांना कमी लेखले. त्याच परंपरेतील ऑयगेन फिशर यांच्याकडे इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. युरोपीय कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंची असमानता अधिक असते आणि तीच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, हे सिद्ध व्हावे अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध आढळत नाही, असे त्याच मार्गदर्शकांपुढे लिहून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, गुण देणाऱ्याच्या मताविरुद्ध आपल्या मापांवर ठाम राहणारी ती तरुण बाई मला टेप हातात घेताना नेहमी आठवते.

बुद्धिमापनासाठी मी बिने-कामत चाचणी निवडली. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली असल्यामुळे घरच्या भाषेतून घेता येते आणि तिसऱ्या वर्षापासून लागू पडते. पहिल्या बैठकीत बुद्ध्यांक ८४ आला. हा आकडा बौद्धिक अक्षमतेचा मुळीच नाही, पण मला तो खटकला. चित्रे जुळवणे, आकृती उतरवणे, मणी ओवणे या कामांत मुलगी आपल्या वयाच्या पुढे होती आणि तोंडी सूचनांत बरीच मागे. ‘टेबलावरची किल्ली दाराजवळ ठेव’ अशी सूचना मी वहीत पाहत दिली की ती गोंधळे. तिच्याकडे पाहत दिली की बरोबर करी. तेव्हा पहिल्या दिवशीची नोंद आठवली. ही मुलगी माझा चेहरा पाहत नव्हती, ओठ पाहत होती.

मी वहीने तोंड झाकून, हळू आवाजात तिचे नाव उच्चारले. ती खेळत राहिली.

श्रवणतपासणीत दोन्ही कानांत सुमारे ३५ डेसिबलचा तोटा निघाला आणि पडद्याच्या हालचालीचा आलेख दोन्हीकडे सपाट आला. पडद्यामागे द्राव साचला होता. बालवाडीच्या वयात हे अगदी सर्रास होते. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांत तर अधिक, आणि दुखत नसल्यामुळे लक्षात येत नाही. अशा मुलाला समोरून बोललेले बरेचसे ऐकू येते, पण वर्गाच्या गोंगाटात मागच्या बाकावर अर्धी वाक्ये हरवतात. एकदा ऐकून न करणे, भलतेच उत्तर, खिडकीबाहेर पाहणे, बोबडे उच्चार, या सगळ्यांचा उलगडा येथे झाला. मला या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते ते हेच. डोके लहान आहे हे उत्तर इतके सहज हाताशी आले होते की कान तपासावेत असे कोणालाच सुचले नाही. पहिल्या बैठकीत मलाही सुचले नव्हते, आणि चाचणीपूर्वी श्रवणतपासणी करून घेण्याचा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तीन महिने वाट पाहिली, कारण असा द्राव पुष्कळदा आपोआप ओसरतो. तो ओसरला नाही, म्हणून जूनमध्ये दोन्ही पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या आणि नाकामागचे वाढलेले ॲडेनॉइड काढले. दवाखान्यातून घरी जाताना मुलीने गाडीत विचारले की हा टिकटिक आवाज कसला, आणि तो वळणाच्या दिव्याचा होता. आईने हे मला फोनवर सांगितले तेव्हा तिला पुढे बोलता येईना. बालवाडीच्या बाईंना मी पत्र लिहिले. त्यांनी मोकळ्या मनाने मुलीला पुन्हा घेतले आणि पहिल्या बाकावर बसवले. घरी आजींचे शुभंकरोती परत सुरू झाले. उच्चारांसाठी आठवड्यातून एकदा वाचा उपचार चालू राहिला.

ऑक्टोबर छाटणी उरकून वडील मोकळे झाल्यावर, म्हणजे पहिल्या चाचणीनंतर सुमारे आठ महिन्यांनी, आम्ही तीच चाचणी पुन्हा घेतली. बुद्ध्यांक १०१ आला. त्यातील काही गुण सरावाचे असतील, काही माझ्याशी झालेल्या ओळखीचे, त्यामुळे सतरा गुणांची वाढ झाली असे मी अहवालात लिहिले नाही. पहिला आकडा कमी ऐकू येणाऱ्या मुलीचा होता आणि तो तिच्या बुद्धीचे माप म्हणून वापरू नये, असे लिहिले. डोक्याचा घेर त्या दिवशी ४६.९ भरला, रेष तीच, दुसरीच्या जरा खालून जाणारी. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज कुटुंबाने भरलाच नव्हता, तो कोरा कागद वडिलांनी फाइलमधून काढून मला दिला.

मुलगी आता पहिलीत जाईल. कानांची तपासणी दर तीन महिन्यांनी आणि डोक्याचे माप वर्षातून एकदा, असे ठरले आहे. गेल्या भेटीत टेप तिने माझ्या हातातून घेतली आणि आजींचे डोके मोजले. बावन्न भरले.